चष्मा ठेवताना तुम्ही कुठे होतात?

पत्र : “मी ४६ वर्षांची आहे. हिशेबाच्या कामात वीस वर्षं गेली, आकडे तोंडपाठ असायचे. गेलं वर्षभर मात्र काहीच लक्षात राहत नाही. चष्मा दिवसातून तीनदा शोधते. एखाद्या खोलीत जाते आणि कशाला आले तेच आठवत नाही. नव्या सहकाऱ्यांची नावं विसरते. परवा साहेबांना ‘दुपारी फोन करते’ म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांनीच आठवण करून दिली. बढतीसाठी एक परीक्षा देतेय. सगळं आवरून रात्री एक-दीडपर्यंत वाचत बसते, रंगीत पेनाने खुणा करते, एकेक धडा चार-चारदा वाचते आणि सकाळी साडेपाचला उठल्यावर डोकं कोरं. पाच मिनिटं सलग मन टिकत नाही. वडिलांना सत्तरीनंतर स्मृतिभ्रंश झाला होता, त्यामुळे आतून घाबरले आहे. स्मरणशक्तीच्या कॅप्सूल सुरू केल्यात, मोबाइलवर मेंदूचे खेळही खेळते. अजून काय करू? ता. क. शब्दकोडी सोडवायला लागू का? – गोंधळलेली”

सप्रेम नमस्कार,

आधी भीतीबद्दल बोलू. ती मधे उभी असेपर्यंत बाकीचं तुम्ही वाचाल, पण आत काही जाणार नाही.

काय विसरलात, कुणापुढे विसरलात, मग काय झालं, याचा चोख हिशेब तुमच्या पत्रात आहे. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला बहुधा उलटं दिसतं. माणूस तोच प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा विचारतो आणि आपण तो आधी विचारलाय, याचा त्याला पत्ताही नसतो. रोजच्या रस्त्यावर वाट चुकते, वर्षानुवर्षं हातात बसलेल्या कामाचा क्रम मोडतो आणि ते त्याच्याआधी घरच्यांच्या ध्यानात येतं. तुमच्या बाबतीत घरच्यांनी असं काही बोलून दाखवलेलं दिसत नाही. वडिलांच्या आजारामुळे तुमचा धोका काहीसा वाढतो हे खरं, पण म्हणून तो आजार तुमच्या नावावर लिहून ठेवलेला नाही.

तरीही एकदा डॉक्टरांकडे जाऊन याच, आणि ‘माझं काही खरं नाही’ असा चेहरा करून जाऊ नका. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचं मंदावणं, मनाला आलेली उदासी, झोपेतलं घोरणं आणि अडखळणारा श्वास, कमी झालेलं ऐकू येणं, यातलं काहीही विसरभोळेपणाचं सोंग घेऊन येतं. सर्दी-ॲलर्जीची गुंगी आणणारी जुनी औषधं आणि झोपेच्या काही गोळ्याही. तुम्ही कुठली गोळी नियमित घेत असाल तर तिचं पाकीट सोबत न्या. शिवाय तुमचं वय ४६. पाळी जाण्याच्या आधीच्या वर्षांत शब्द न आठवणं, डोक्यात धुकं भरल्यासारखं वाटणं हे बऱ्याच जणींना होतं आणि बहुतेकींचं पुढे निवळतंही. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून बाया उगाच वर्ष-दोन वर्षं मनातल्या मनात कुढत राहतात.

आता मुद्द्याचं. तुम्ही लिहिलंय, ‘लक्षात राहत नाही’. हा शब्दप्रयोग जरा फोडून बघा. त्यात ‘लक्ष’ आधी आहे आणि ‘राहणं’ नंतर. ‘ध्यानात ठेव’ म्हणतो त्यातही ध्यान आधीच. चष्मा तुम्ही विसरलेला नाही. तो ठेवला तेव्हा तुम्ही तिथे नव्हतातच. हाताने चष्मा ठेवला आणि डोकं फोनवरच्या संदेशात होतं. जी नोंद झालीच नाही ती खोडली कशी जाईल? एखादं व्हाउचर वहीत चढवलंच नाही आणि वर्षाअखेरीला ते सापडत नाही म्हणून वहीला दोष द्यायचा, तसं हे झालं.

रोज डोळ्यांपुढे असलेल्या गोष्टीचंही हेच होतं. १९७९ साली निकरसन आणि ॲडम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लोकांना त्यांच्या रोजच्या वापरातल्या एक सेंटच्या नाण्याचं चित्र आठवणीने काढायला सांगितलं. जन्मभर हाताळलेलं नाणं, पण चेहरा कोणत्या बाजूला बघतो, कुठली अक्षरं कुठे आहेत, हे बहुतेकांना धड जमलं नाही. नाणं ओळखायला तेवढ्या तपशिलाची गरजच पडत नाही, म्हणून मेंदू तो साठवत बसत नाही.

तेव्हा चष्म्यासाठी दोनच गोष्टी करा. त्याला एक जागा ठरवून द्या, म्हणजे आठवायचं कामच उरत नाही. आणि दुसरीकडे ठेवावा लागलाच तर ठेवताना तोंडाने म्हणा, “चष्मा फ्रीजवर.” मोठ्याने. मी गॅस बंद केला की ‘बंद’ असं बोलते. घरातले हसतात, पण अर्ध्या वाटेतून परत येऊन बघायची माझी सवय त्या एका शब्दाने सुटली. बोलायला लागणाऱ्या त्या सेकंदभरात मन हाताजवळ येतं, एवढंच त्यातलं गुपित.

खोलीत जाऊन कशाला आले हे विसरण्यावर तर संशोधन झालेलं आहे. गॅब्रिएल रॅडव्हान्स्की या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की तेवढंच अंतर एकाच खोलीत चालण्यापेक्षा दार ओलांडून गेलं की माणसं हातातली किंवा नुकतीच ठेवलेली वस्तू कोणती, हे जास्त विसरतात. खोली बदलली की मेंदू जणू मागचा प्रसंग मिटून नवा उघडतो. उंबऱ्यापाशी काय हवंय ते एकदा पुटपुटा. तरी विसरलात तर मूळ जागी परत जाऊन बघा, कधीकधी तिथे ते आठवतं. यात घाबरण्यासारखं काही नाही, विशीतल्या मुलांचंही हेच होतं.

साहेबांच्या फोनचं प्रकरण मात्र वेगळ्या जातीचं आहे. तिथे झालेली गोष्ट आठवायची नव्हती, पुढे करायची गोष्ट ऐन वेळी आठवायची होती. ‘दुपारी करते’ यातली दुपार केवढी मोठी असते! तिला धरायला कुठे खुंटीच नाही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलं आणि त्याचा सारांश १९९९ मध्ये मांडला. इरादा वेळेला किंवा प्रसंगाला बांधून ठेवला की तो पार पडण्याची शक्यता चांगलीच वाढते. ‘दुपारी फोन करेन’ नको. ‘जेवून हात धुतले की जागेवर बसायच्या आधी फोन’ असं हवं. हात धुणं रोज होणारच आहे, त्याच्या शेपटीला काम बांधून टाका. आणि जे चुकून चालणार नाही ते कागदावर लिहा किंवा गजर लावा. गजर लावण्यात कमीपणा कसला? एका वेळी मनात धरता येणाऱ्या गोष्टी फार थोड्या असतात. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये तो आकडा सात, त्यात दोन कमी-जास्त, असा मांडला होता. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवान यांनी तो जेमतेम चारवर आणला. तुम्ही सकाळी उठल्यापासून दहा-पंधरा गोष्टी डोक्यात नाचवत असणार. मग एखादी पडणारच.

नावांचं थोडक्यात. चेहऱ्यासोबत ‘हा सुताराचं काम करतो’ असं सांगितलं तर ते राहतं आणि ‘याचं आडनाव सुतार’ असं सांगितलं तर ते निसटतं. शब्द तोच. १९८७ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी अगदी अशाच जोड्या घेऊन हे तपासलं होतं. धंदा म्हटला की रंधा, लाकडाचा भुसा, ठोकाठोक असं सगळं चित्र उभं राहतं. आडनावाला कशाचाच आधार नसतो. तो आधार आपण द्यायचा. मनातल्या मनात त्या गृहस्थांच्या हातात रंधा द्या आणि पुढच्या दोन मिनिटांत त्यांना एकदा नावाने हाक मारा. चित्र वेडगळ असलं तरी चालेल. तुम्ही काय कल्पना केलीत हे त्यांना कळणार थोडंच आहे?

आता परीक्षा. इथे मला तुमच्यावर थोडं रागवायचं आहे, कारण तुम्ही कष्ट भरपूर करताय आणि ते चुकीच्या जागी पडताहेत.

चार-चारदा वाचते, असं तुम्ही लिहिलंत. योगायोग असा की नेमकं हेच २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी तपासलं. विद्यार्थ्यांना काही उतारे दिले. एका गटाने ते चार वेळा वाचले. दुसऱ्या गटाने एकदाच वाचले आणि मग तीन वेळा कागद मिटून, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. यातली पाच मिनिटांची गोम नीट बघा. फसगत तिथेच होते. चौथ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ‘ओळखीचं वाटणं’ म्हणजेच ‘आठवणं’ असं आपण धरून चालतो. रस्त्यात समोरून येणारा चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव विचारलं तर सांगता येत नाही, तशातलाच हा प्रकार. परीक्षेत पुस्तक समोरून चालत येत नाही. तिथे आठवावंच लागतं. मग सराव वाचण्याचा करून कसं चालेल? रंगीत पेनाबद्दल तर काही बोलतच नाही. फार तर पान देखणं होतं.

म्हणून एक धडा एकदाच, नीट वाचा. पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. तोडकंमोडकं, क्रम चुकलेलं, कसंही. पहिल्या दोन-तीन दिवशी फार थोडं आठवेल आणि तुम्हाला रडू येईल. ते होऊ द्या. ती ओढाताण म्हणजेच अभ्यास, तिच्यात वाया काही जात नाही. मग पुस्तक उघडून, जे निसटलं तेवढंच बघा. दुसऱ्या दिवशी नवा धडा घेण्याआधी कालचा पाच मिनिटं मिटल्या पुस्तकाने आठवा. पुन्हा तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. आपल्याकडे याला उजळणी असा सुरेख शब्द आहे. घोकण्यात सगळा जोर एकाच बैठकीवर असतो. उजळणीत मधे दिवस जाऊ द्यायचे असतात, थोडं पुसट होऊ द्यायचं असतं. त्याशिवाय उजळायचं काय?

हे पुसट होणं किती झपाट्याने होतं ते हरमान एबिंगहाउस या जर्मन गृहस्थांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये छापलं. अर्थहीन अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि काही काळाने त्याच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजायचं, असा त्यांचा चिवट उद्योग होता. पहिल्या तासातच निम्म्याहून जास्त बचत उडाली. महिन्यानंतर मात्र जवळपास पाचवा हिस्सा अजून शिल्लक होता. घसरण सुरुवातीला उभी असते आणि पुढे सपाट होत जाते. पहिली उजळणी लवकर, नंतरच्या लांब-लांब अंतराने, हे गणित तिथूनच येतं. तुमचे धडे अर्थहीन अक्षरांचे नाहीत, त्यामुळे तुमची अवस्था त्यांच्यापेक्षा नक्कीच बरी असेल.

आणि आता ती गोष्ट, जी तुम्ही जाता जाता लिहून टाकलीत. रात्री एक-दीडपर्यंत जागरण आणि साडेपाचला उठणं.

ही जेमतेम चार-साडेचार तासांची झोप होते. प्रौढ माणसाला किमान सात तास लागतात. तुम्ही हिशेबातल्या आहात, तर तुमच्याच भाषेत सांगते. दिवसभरात जे घडतं, जे शिकतो, त्याची पहिली नोंद मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाच्या भरवशावर असते. ती रोजकीर्द समजा. तिथून खतावणीत, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या आवरणात, नोंदी पक्क्या होत जातात आणि त्या कामाचा मोठा भाग गाढ झोपेत होतो. दिवसा उमटलेले नमुने तेव्हा पुन्हा-पुन्हा उमटतात. ही दोन खाती खरोखरच वेगळी आहेत, हे हेन्री मोलेसन या अमेरिकी माणसामुळे जगाला कळलं. फेफऱ्यावर उपाय म्हणून १९५३ मध्ये शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बराचसा काढला गेला. बालपणाच्या आठवणी राहिल्या, बोलणं-चालणं शाबूत राहिलं, पण भेटून गेलेला माणूस काही मिनिटांनी त्याला नवाच वाटायचा. २००८ मध्ये तो वारला तोपर्यंत हे असंच चाललं. खतावणी जागेवर आणि रोजकीर्द गेलेली.

तुमची दोन्ही खाती जागेवर आहेत. तुम्ही फक्त रात्रीच्या कारकुनाला कामाला बसूच देत नाही. एक ते दीड या अर्ध्या तासात तुम्ही जे वाचता ते बरंचसं डोळ्यांखालून जातं आणि त्यापायी आधीच्या तीन तासांचं पक्कं होणं अर्धवट राहतं. शिवाय दुसऱ्या दिवशी लक्ष विरळ झालेलं असतं, म्हणजे नव्या नोंदीही कच्च्याच. चष्मा, फोन, नावं, सगळ्याचं मूळ इथे असेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण पैज लावायचीच झाली तर याच्यावर लावेन.

अकराला दिवा बंद. ‘मग अभ्यास कधी?’ असं तुम्ही म्हणाल. वाचण्याच्या तीन फेऱ्या आपण आत्ताच कमी केल्या, तो वेळ वाचला. तेवढ्याने भागत नसेल तर घरच्या कामांची पुन्हा वाटणी करा. ‘सगळं आवरून’ असं तुम्ही लिहिलंय, त्यात आवरणाऱ्या तुम्ही एकट्याच दिसता. परीक्षा संपेपर्यंत तरी हे बदलायला हवं आणि त्यासाठी आधी तोंड उघडायला हवं. चहा-कॉफी दुपारनंतर नको. कॅफीन शरीरात जाऊन पाच-एक तास झाले तरी त्यातलं निम्मं तिथेच असतं. झोपण्याआधी आजच्या धड्यातल्या पाच गोष्टी डोळे मिटून आठवा, चुकल्या तर चुकू देत, उठून दिवा लावायचा नाही.

पाच मिनिटं मन टिकत नाही, ही तक्रार हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी आहे, म्हणून त्यावर फार लांबण लावत नाही. मन टिकत नाही याचा अर्थ बहुधा त्याला टिकू दिलं जात नाही. फोन वाजला नाही तरी समोर पडलेला असला की हात जातोच. तो दुसऱ्या खोलीत ठेवा, पालथा घालून भागत नाही. शिवाय एका कामातून दुसऱ्यात उडी मारली की मनाचा एक तुकडा मागेच रेंगाळतो. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये या मागे उरलेल्या लक्षाबद्दल लिहिलं. काम अर्धवट सोडावं लागलं की ते जास्तच मागे ओढतं. यावर माझा स्वतःचा उपाय असा : उठण्यापूर्वी वहीत एक ओळ लिहिते. ‘तिसरा तक्ता तपासून झाला, चौथ्यातली बेरीज जुळत नाही, तिथून सुरू.’ मग मन ते धरून बसत नाही आणि परत आल्यावर धागा शोधत बसावं लागत नाही. अभ्यासाला पंधरा मिनिटांपासून सुरुवात करा. जमलं की वीस. कुणी पंचवीस मिनिटांचा मंत्र सांगतात, पण त्या आकड्यात काही पवित्र नाही. मन भरकटलं की स्वतःला शिव्या न देता परत आणायचं. शंभरदा भरकटलं तर शंभरदा.

चालायला मात्र जा. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५५ ते ८० वयाच्या १२० जणांपैकी निम्म्यांनी वर्षभर, आठवड्यातून तीन दिवस, हळूहळू वाढवत ४० मिनिटं भरभर चालण्याचा व्यायाम केला. त्यांचा हिप्पोकॅम्पस सरासरी दोन टक्क्यांनी वाढला. नुसते ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा किंचित आकसला. आकार वाढला म्हणजे स्मरणशक्तीही त्याच मापाने वाढली, असा अर्थ काढू नका. पण झोप सुधारते, उदासी कमी होते आणि या दोन्हीचा फायदा तुम्हाला होणारच आहे. चालताना कानात काही घालू नका. सकाळी वाचलेलं आठवायला ती वेळ फार छान असते.

कॅप्सूल बंद केल्यात तरी चालेल, फक्त त्यात काय आहे ते डॉक्टरांना दाखवून मग करा. स्मरणशक्तीच्या अशा अनेक औषधांत गिंको नावाच्या झाडाचा अर्क असतो. तीन हजारांहून जास्त वृद्धांना सहा-एक वर्षं तो अर्क किंवा तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी देऊन पाहिलं. २००८ मध्ये निकाल आला, स्मृतिभ्रंश टळण्यात काहीच फरक नव्हता. तपासणीत ब-१२ कमी निघालं तर मात्र ते जरूर घ्या, कारण तिथे खरोखर काही कमी आहे. मोबाइलवरच्या खेळांचं म्हणाल तर तिथे तुम्ही त्या खेळात पटाईत व्हाल. मेंदूच्या खेळांच्या एका मोठ्या कंपनीला, पुराव्याविना मोठमोठे दावे केले म्हणून, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेशी झालेल्या तडजोडीत २०१६ मध्ये २० लाख डॉलर मोजावे लागले.

हे सगळं एकदम करायला घेऊ नका. पहिले पंधरा दिवस फक्त अकराची झोप आणि पुस्तक मिटून लिहिणं. नावं, उंबरा, चालणं नंतर बघू. त्या पंधरा दिवसांत काय-काय विसरलात ते एका कागदावर लिहून ठेवा, डॉक्टरांकडे जाताना तो कागद कामाला येईल.

तुमची,
सदरलेखिका

ता. क. शब्दकोड्यांचं राहिलंच होतं. आवडत असतील तर सोडवा, पण औषध म्हणून नको. शब्दकोडी सोडवणारा शब्दकोड्यांत तरबेज होतो, चष्मा त्याचाही हरवतो. आणि रात्री अकरानंतर तर नाहीच, अगदी शेवटचा एकच आडवा शब्द अडला असला तरी.